शनिवारची शिफारस

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या बसमधून उतरले की मी तडक घरी येते, चहा ठेवते आणि यादी करायला बसते. एक सिनेमा, एक पुस्तक, टीव्हीवरची एक मालिका आणि एक गाणं. शनिवारी सकाळी आठच्या सुमारास ही यादी आमच्या मराठी ग्रुपवर जाते. ग्रुपमध्ये दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक आम्ही, म्हणजे ज्यांचे आजे-बाप नागपूर-भंडाऱ्याकडून रेल्वेत नाहीतर भिलाईच्या प्लांटात लागले आणि इथलेच, रायपूरचेच होऊन गेले. दुसरी ती, जी गेल्या काही वर्षांत पुण्या-नाशिकहून नव्या राजधानीच्या मोठ्या कचेऱ्यांत आली. त्यांची मराठी इस्त्रीची. आमची घरीच धुतलेली आणि दोरीवर वाळवलेली.

माझा नियम एकच. स्वतः शेवटपर्यंत पाहिल्या-वाचल्याशिवाय कशाचंही नाव घ्यायचं नाही. त्यापायी मी किती भंगार सोसलं असेल ते माझं मलाच ठाऊक. दोन तास चाळीस मिनिटं बंदुकाच बंदुका, आणि शेवटी नायक आईच्या मांडीवर. असला सिनेमा मी दात-ओठ खात पूर्ण पाहते आणि मग त्याचं नावही घेत नाही. जे आवडतं त्याच्याबद्दल मात्र मी सरळ लिहिते. 'डोंगरातल्या गावातला एक मुका शिंपी आहे. पहिला अर्धा तास काहीच होत नाही. नाही झालं तर नाही, बसून राहा. रडायचं असेल तर एकट्यानं पाहा.' किंवा, 'आठ भागांची मालिका. खुनी दुसऱ्याच भागात कळतो, तरी पाहा, कारण त्यातली सासू फार खरी आहे.' यावर कोणी अंगठा पाठवतं, कोणी हात जोडतं. एकानं एकदा विचारलं होतं, "ताई, पुस्तकावर सिनेमा निघाला हाये का? मंग तोच सांगा ना." त्याला मी असं झाडलं की तो महिनाभर ग्रुपवर गप्प होता. मग मलाच वाईट वाटलं आणि मी त्याच्यासाठी म्हणून एक पातळसं पुस्तक सुचवलं. त्यानं ते वाचलं की नाही, देव जाणे.

सुरुवातीला या यादीला मी 'ह्या हप्त्यात काय पाहाल' असं म्हणायचे. एका शनिवारी पुण्याकडच्या एका बाईंनी फार गोड शब्दांत लिहिलं की यादी छानच असते, पण शीर्षक जरा बोलीतलं वाटतं, 'शिफारस' म्हटलं तर कसं? मला मिरच्या झोंबल्या. तरी पुढच्या शनिवारी मी ठळक अक्षरांत लिहिलं: शनिवारची शिफारस. खरं सांगायचं तर माझ्याही मराठीला एकदा इस्त्री करून पाहावी असं मला वाटलं होतं.

त्या सकाळी बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, मालगाडीचे डबे दुरुस्त करायचे. आई गेल्यापासून ते माझ्याकडे, गुढियारी वस्तीत राहतात. आमचं घर मालधक्क्याच्या अंगाला आहे, त्यामुळे डब्यांचा आवाज दिवसभर येतो, आणि बाबा बसल्या जागेवरून सांगतात की या डब्याची स्प्रिंग गेली. माझ्या मुलीनं त्यांना फोन शिकवला आणि ग्रुपमध्येही घेतलं. ते तिथं काही लिहीत नाहीत. फक्त वाचतात, तेही सगळंच, दुसऱ्यांच्या नातवंडांच्या वाढदिवसासकट.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ नेला आणि मला हाक मारली.

"हे काय लिवलं तू?"

"शिफारस, बाबा. म्हणजे मले आवडलं, तुमीही पाहा."

"काढून टाक."

"अहो, मराठीत त्याचा अर्थ एवढाच होते."

"मले नको शिकवू काय अर्थ होते ते. आपल्या घरात शिफारस चालत नाही. आजपर्यंत चालली नाही, आता तू सिनेमाची काहून करून राहिली?"

मी हसले, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्या रायपुरात हा शब्द हिंदीच्या तोंडात राहतो. सिफारिश म्हणजे कोणीतरी कोणाला तरी केलेला फोन. सिफारिश म्हणजे खिशातली चिठ्ठी, जी साहेबाच्या टेबलावर पोहोचली की रांगेतला शेवटचा माणूस पहिला होतो. बाबा अठरा-एकोणीस वर्षांचे असताना हातोडी-कानस घेऊन परीक्षा द्यायला आले आणि पहिल्या फटक्यात पास झाले. पहिल्याच दिवशी फोरमननं सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "किसकी सिफारिश से आया है?" आमच्यासारख्या घरातलं पोरगं स्वतःच्या हातानं पास होऊ शकतं, हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. बाबांनी उत्तर दिलं नाही. पुढं पूर्ण नोकरीभर ते तेच उत्तर देत राहिले. कधी कोणाकडं शब्द टाकला नाही, कोणासाठी टाकला नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि मलाही होता. अजून आहे. पण त्या अभिमानाची झळ घरात एका माणसाला बसली, तो माझा धाकटा भाऊ.

त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये एक कच्ची, म्हणजे तात्पुरती, जागा निघाली होती. भाऊ तेव्हा बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसला होता. नुसता बसला नव्हता म्हणा, सकाळी शिकवण्या करायचा, संध्याकाळी विहाराच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायचा, आणि उरलेला सगळा वेळ टेपरेकॉर्डर. त्यानं अर्जही केला, मुलाखतही चांगली दिली. साहेब बाबांना मानायचे. दुपारची वेळ होती, कूलर सुरू होता, आई म्हणाली, "साहेब तुमचं आयकते. पोट्टा चांगला हाये, एवढंच सांगा. तुमचं तोंड झिजन काय?"

बाबा म्हणाले, "मी कोणासाठी तोंड उघडलं नाही. माह्या पोट्ट्यासाठी तर मुळीच उघडणार नाही. त्याच्यात दम असन तर लागन."

भाऊ तिथंच दारात उभा होता. त्याच्यात दम होता. तो लागला नाही. ज्याची चिठ्ठी पोहोचली, तो लागला. बाबा ज्याच्याशी आयुष्यभर लढले तीच गोष्ट जिंकली आणि माझा भाऊ मधल्यामध्ये चिरडला गेला. त्यानं भांडण केलं नाही. महिन्याभरात पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात लागला आणि तिथंच राहिला. आता तो नुसतं बोटांनी चाचपून थानात, म्हणजे कापडाच्या ताग्यात, सूत किती आणि भेसळ किती ते सांगतो. लग्न केलं, वेगळं घर केलं. भीमजयंतीला आणि आईच्या स्मृतिदिनाला येतो, जेवतो, जातो. तेव्हापासून हिंदीतच बोलतो, माझ्याशीही. बाबांशी तर मोजकंच, "जी", "ठीक है जी", "चलता हूँ जी", गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. आमच्या घरात मोठ्यांशी कधीच कोणी हिंदीत बोललेलं नाही. बाबांना ते किती लागतं हे ते कधी सांगत नाहीत, मी मात्र पाहते.

आता माझं गुपित सांगते. त्या यादीतलं गाणं माझं नसतं. मला गाण्यातलं काही कळत नाही, सूर लागला की सुटला तेही कळत नाही. तीन वर्षांपूर्वी मी पहिली यादी केली तेव्हा गाण्यापाशी अडले आणि भावाला फोन केला. त्यानं पाच मिनिटांत एक पाठवलं. पुढच्या शुक्रवारी मी विचारण्याआधीच दुसरं. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या वेळात, त्याचं गाणं येतं. कधी नुसत्या मांदर-ढोलावर म्हटलेला एखादा छत्तीसगढी ददरिया, शेतात काम करता करता गातात तसा. कधी कुठल्या तरी जुन्या जलशाचं खरखरतं रेकॉर्डिंग. कधी कव्वाली, कधी बाईच्या आवाजातलं भीमगीत, ज्यात ढोलकीपेक्षा श्वास जास्त ऐकू येतो. त्याची अट एकच होती.

"मेरा नाम मत डालना, दीदी. और बाबा को तो बिलकुल मत बताना."

मी कबूल केलं आणि तीन वर्षं पाळलं.

बाबांचं असं होतं की माझे सिनेमे त्यांना पसंत पडत नसत. पुस्तकांबद्दल म्हणत, "छापणाऱ्यानं कागद वाया घातला." मालिकेतले लोक त्यांना सगळे सारखेच दिसत. पण गाणं! शनिवारी सकाळी यादी आली की ते स्वयंपाकघरातून स्टीलचा मोठा पेला मागवायचे. फोन त्या रिकाम्या पेल्यात उभा ठेवायचा, म्हणजे आवाज मोठा होतो, हा त्यांचाच शोध. मग डोळे मिटून ऐकायचं, संपलं की पुन्हा लावायचं. एकदा ते ददरिया ऐकून म्हणाले, "हे आमच्या गावी बाया धानाच्या रोवणीत म्हणत होत्या, तसंच हाये. भाषा येगळी हाये फक्त. तुले कुठून सापडते व?"

"सापडते," मी म्हणाले आणि भाजी चिरायला आत निघून गेले.

शिफारस शब्दावरून एवढं रामायण झालं तरी मी शीर्षक बदललं नाही. बापाच्या वळणावर गेलेली मुलगी, हट्ट तोच. बाबाही वाचत राहिले, फक्त शनिवारी सकाळी म्हणायचे, "आली का तुही सिफारिश?" आणि पेला मागायचे.

मग एका रविवारी दुपारी आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, काकू आल्या. चार घरं सोडून राहतात. ग्रुपमध्ये आहेत, पण त्यांना वाचायचा कंटाळा, त्यांची सून वाचून सांगते. त्यांच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं. पाणी प्यायल्या, बाबांना जय भीम केला, आणि फोल्डर माझ्या मांडीवर ठेवलं. आत मार्कशीट, जातीचा दाखला, दोन फोटो.

"ताई, तुमी दर शनिवारी सिफारिश करता म्हणे ग्रुपवर. त्याच्यात राजधानीचे मोठे मोठे साहेब हायेत. आमच्या पोट्टीचंही एखाद्या शनिवारी टाका ना. सिनेमाच्या आधी टाका नाही तं गाण्याच्या मागून टाका, कसंही चालन."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा इतकं हसू आलं की पदर तोंडावर धरावा लागला. "काकू, ती तशी सिफारिश नाही. ते सिनेमे-गाणे कोणते चांगले, एवढंच लिवते मी."

"मंग तेच म्हणून राहिली ना मी. तुमी म्हणलं हे चांगलं हाये, पाहा, तर लोक पाहतात. एवढे शिकलेले लोक तुमचं मानतात. माह्या पोट्टीलेही चांगली म्हणा. ती काय सिनेमापेक्षा वाईट हाये?"

माझं हसू तिथंच विरलं. तेवढ्यात खुर्चीतून बाबांचा आवाज आला, तोच जुना.

"आमच्या घरात सिफारिश होत नाही, बाई."

काकू त्यांच्याकडे वळल्या. त्या चिडल्या नाहीत. समजावून सांगावं तशा म्हणाल्या, "काकाजी, मी खोटं सांगायले कुठं लावून राहिली? पोट्टी तुमच्याच हाताखाली शिकली विहारात. तिचं गणित पाहून तुमीच म्हणले होते, लई हुशार हाये. मले आठवते. तेच लिवा. जे खरं हाये ते सांगणं सिफारिश कशी होते?"

बाबा संध्याकाळी विहारात पोरांची गणितं घ्यायचे, तेव्हाची ही गोष्ट. मी पाहिलं, त्यांनी आधीच स्वच्छ असलेला चष्मा काढला आणि ते तो धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. मी काकूंना सांगितलं की सध्या कोणत्या जागा निघाल्या आहेत, मुलीला संध्याकाळी पाठवा, मी फॉर्म भरून देते. त्या हो म्हणाल्या, पण त्यांचं समाधान झालं नाही. फोल्डर छातीशी धरून गेल्या.

त्या गेल्या आणि माझा ताबा सुटला. अठरा वर्षांचं साचलेलं एका दमात निघालं. मी म्हणाले, "बाबा, ती बाई बरोबर बोलली. खरं ते सांगायलाही तुमची जीभ उचलत नाही. धाकट्याच्या वेळेसही खरंच सांगायचं होतं. पोट्टा चांगला हाये, एवढंच. आई तेवढंच मागत होती. आणि तुमाले माहीत हाये का, दर शनिवारी पेल्यात फोन ठेवून जे गाणं ऐकता, ते कोण पाठवते? मले सारेगम येत नाही. तो पाठवते. तीन वर्षं झाले, दर शुक्रवारी, न चुकता."

बोलून झालं आणि मला कळलं की मी शब्द मोडला.

बाहेर मालधक्क्यावर डबे जोडण्याचा धडधड आवाज आला, पण बाबा त्यावर काही म्हणाले नाहीत. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्याले कसं समजते मले काय आवडते ते?"

मी म्हणाले, "तुमचाच पोट्टा हाये." आणि आत जाऊन रडले.

सोमवारी ऑफिसच्या बसमधून मी भावाला फोन करून सगळं कबूल केलं. लपवणं माझ्यानं झालं नसतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मैंने मना किया था ना, दीदी," आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

त्या शुक्रवारी गाणं आलं नाही. मी दोनदा फोन पाहिला, चारदा पाहिला. शनिवारी यादी गेली, सिनेमा, पुस्तक, मालिका. लोकांनी विचारलं, ताई, गाणं राहिलं का? मी लिहिलं, ह्या वेळी नाही. बाबांनी नेहमीसारखा पेला मागितला. फोन त्यात ठेवला, यादी वर-खाली करून पाहिली. मग फोन काढून घेतला आणि पेला स्वतः उठून आत आणून ठेवला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी कोणावरच चिडले नाही. पुढच्या शनिवारीही तेच. मला भीती एकच वाटत होती. जयंतीला आणि आईच्या दिवसाला तरी तो येत होता, हातात होतं तेवढं तरी राहील ना?

त्यानंतरच्या आठवड्यात बाबा काहीतरी लिहीत होते. वहीचे रेघांचे कागद, निळा पेन. मी खोलीत गेले की कागदावर हात ठेवायचे, परीक्षेत शेजारच्यापासून पेपर झाकतात तसे. तीन-चार कागद चुरगाळलेले मी कोपऱ्यातून उचलले, पण उघडून पाहिले नाहीत. एवढं मात्र मला जमलं. शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं.

"त्याले ग्रुपमधी घे."

"तो येणार नाही, बाबा."

"तू घे."

मी घेतलं. शनिवारी सकाळी साडेसातला, माझ्या यादीच्या आधी, ग्रुपवर बाबांचा मजकूर आला. ग्रुपमध्ये आल्यापासून त्यांनी लिहिलेला पहिला. बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलेला, म्हणून जागोजागी काना-मात्रा सुटलेल्या होत्या. सुधारून इथं देते:

'प्रति, ग्रुपचे समस्त सदस्य. विषय: शिफारस. महोदय, गेली तीन वर्षे या यादीत जे गाणे येते ते माझी मुलगी निवडत नाही. माझा मुलगा निवडतो. सदर इसमास मी जन्मापासून ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे. मेहनती आहे. गाण्याची पारख फार चांगली आहे. मी आजवर कोणाची शिफारस केली नाही. याची करीत आहे. हे सर्व खरे आहे म्हणून लिहून दिले. सेवानिवृत्त फिटर, त्याचा बाप.'

ग्रुपवर कोणाला काय समजलं असेल ते असो. पुण्याच्या त्या बाईंनी लिहिलं, 'काका, किती सुंदर!' काकूंच्या सुनेनं हात जोडले. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ते पुन्हा पुन्हा वाचत होते आणि गॅसवर दूध उतू जात होतं. बाबा बाहेर बसले होते, फोन उपडा ठेवून.

भावाकडून ग्रुपवर काहीच आलं नाही. दहा वाजता, दुकान उघडायच्या वेळी, त्याचा मला फोन आला. थोडा वेळ नुसता बाजाराचा आवाज, शटर उघडण्याचा, कोणीतरी कोणाला भैया म्हणून हाक मारत होतं.

"दीदी, ये उन्होंने लिखा? ख़ुद?"

"हव."

मग त्यानं विचारलं, "काग़ज़ पे मिलेगा?"

मी बाबांना जाऊन सांगितलं, कागदावर पाहिजे म्हणतो. मला वाटलं होतं ते विचारतील, कायले? त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, चांगला कागद आण, हा रेघांचा बरा नाही दिसत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, भाऊ आला. कोणाची जयंती नव्हती, कोणाचा स्मृतिदिन नव्हता. बाबांनी टेबलावर दोन कागद तयार ठेवले होते. एक काकूंच्या मुलीसाठी, तिच्या गणिताबद्दल चार ओळी होत्या. दुसरा त्यानं उचलला आणि उभ्यानंच वाचला. मी दारात उभी होते, अठरा वर्षांपूर्वी तो होता तिथंच. त्यानं कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला, थान पाहतो तसा. सगळा वाचून झाल्यावर त्याची नजर पुन्हा वर गेली आणि उजव्या कोपऱ्यात थांबली.

"तारीख नाही टाकली," तो म्हणाला.

बाबांनी कागद परत घेतला. पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर धरून ते थांबले, आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"कोणती टाकू?"

भावानं खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसला.

"आजचीच टाका, बाबा."